नालीच्या पुढे एक हात

आमच्या गावच्या बाजाररस्त्याच्या मी काढलेल्या जुन्या तसबिरी गेल्या महिन्यात वाचनालयात लागल्या. बघणाऱ्यांनी "काय वैभव होतं!" म्हणत माना डोलावल्या आणि माझ्या गळ्यात हार घातला. ते वैभव ज्याच्या हातानं पडलं, त्याचाच सत्कार झाला. एवढी वर्षं बोललो नाही. आता लिहितो.

निजामी संपायच्या चार-पाच वर्षं आधीची गोष्ट. परभणी जिल्ह्यात कॅमेऱ्याची तिपाई आणि काळं फडकं घेऊन फिरणारे माझ्यासारखे मोजकेच. तहसिलीतल्या पेशकारसाहेबांनी मला बोलावून सांगितलं, रस्ता रुंद करायचा हुकूम आलाय, दुकानांच्या तसबिरी काढा. ज्याचं सामान नालीच्या पुढे दिसेल, त्याचं दुकान उठेल. "और लोगां को कुछ नको बोलो." सरकारी काम मिळाल्याच्या आनंदात माझी वाचा तशीही बसलीच होती.

रस्त्यावर मात्र लग्नघर उतरलं. तसबिरी हैदराबादला जाणार, अशी हूल उठलेली! हलवायानं नवी टोपी घातली, वाण्यानं गुळाच्या ढेपांचा मनोरा थेट रस्त्यात रचला. जो तो आपला गुन्हा नटवून, हसऱ्या तोंडानं माझ्यापुढे उभा.

एकटी बांगडीवाली मावशी नालीच्या आत होती. नवऱ्यामागं त्या दुकानावरच तिचं घर चालायचं.

हलवाई ओरडला, "मावशी, हुजूर बघणार हायत, मिशेरी धुवा!"

"आधी तुझ्या जिलबीवरच्या माश्या हाकल, मेल्या. त्याच पुढं बसल्यात!"

मी फडक्याखालून पाहिलं. छपराच्या सावलीत तिचा चेहराच दिसेना. असली काळी तसबीर साहेबांपुढं ठेवली तर माझी काय शोभा राहणार?

"मावशी, फळी घेऊन जरा पुढं या. उजेडात."

"मी हितंच बरी हाय की, भाऊ."

"बांगड्या दिसायच्या न्हाईत."

बांगड्यांचं नाव काढल्यावर ती उठली. फळी नालीच्या पलीकडं एक हात आली, वर बांगड्यांचे तोडे लागले. मी म्हणालो, "आता हलू नका." ती हलली नाही. माझी सगळ्यात चांगली उतरलेली तसबीर ती.

पुढं वाण्यानं वशिला लावला, हलवायाची परात साहेबांच्या घरी पोचली. त्यांची नाली सरकारला दिसेनाशी झाली. मावशीची स्वच्छ दिसली. ती कचेरीत आली तेव्हा मी तिथंच होतो.

"ह्या भाऊनंच पुढं बसवलं, साहेब. इचारा की त्याला!"

पेशकारांनी तसबीर पुढं केली. "तस्वीर झूट बोलती क्या, बाई?" मग माझ्याकडं पाहिलं. मी तिपाईचा स्क्रू घट्ट करीत बसलो. तो आधीच घट्ट होता.

दुकान एका सकाळीत पडलं.

वर्षभरानं ताडकळसच्या बाजारात ती भुईवर पोतं अंथरून बसलेली दिसली. मी वाट बदलणार तोच तिनं हाक मारली. आता शिव्या ऐकायच्या, म्हणून मान खाली घालून उभा राहिलो.

"भाऊ, माझी तसबीर लय झाक आली म्हणत्यात. एक देशील का? दुकान दिसतंय न्हवं त्यात?"

जिच्यावरून तसबीर छापायची, ती काच माझ्या पेटीत शाबूत होती. मी म्हणालो, "काच फुटली, मावशी."

"अरारा," ती म्हणाली, "तुझंबी नुकसानच झालं की रे."