हार घालण्याआधी चावी

मुलांनो, संग्रामपूरच्या दुकानात बॅटरीची स्कूटर घेणाऱ्याला आधी ती शिकावीच लागते, मगच ती घरी नेता येते. स्कूटर माझ्या नावावर, पण तुमचे आजोबा म्हणाले, “हिच्याऐवजी मी शिकतो.”

“चालवणार आजी, अन् शिकणार तुम्ही काऊन?” शिकवणाऱ्या मुलीने विचारले.

तिने मला मैदानात फेऱ्या मारायला लावल्या. “ह्या गाडीले आवाज नाही. थांबल्यावर पयले चावी बंद करा,” असे बजावले. तरी माझे वय पाहून मला पास करायला तिचे मन होत नव्हते.

शेवटची फेरी मारून मी दुकानासमोर थांबते न थांबते, तोच आजोबा चालू गाडीच्या हँडलला हार घालायला गेले. मूठ पिळली गेली असती, तर गाडी दुकानातच घुसली असती. मी चटकन चावी बंद केली.

“आजी पास,” ती हसली. “आजोबायले उद्या पाठवा.”

आता बाजाराला गाडी मीच नेते. ते मागे पिशव्या धरून बसतात.