पाठीचं मूळ जबड्यात

पोराच्या तोंडात घास गेल्याबरोबर त्याचं अवघं भविष्य सांगणारा माणूस साऱ्या कोल्हापुरात एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा, हे माझं नशीब. पी.टी. शिकवून निवृत्त झालेले हे मामा शिवाजी पेठेत राहतात. वाढत्या वयातल्या मुलांच्या मणक्याचा बाक आणि जबड्याची चाल यांचा काही संबंध असू शकतो, असं त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं. त्यातलं 'असू शकतो' तिथंच ठेवून उरलेलं घेऊन ते पेठभर हिंडू लागले.

लग्न असो की बारसं, मामा पंगतीतून वाढप्यासारखे फिरायचे, पण हातात काही नसायचं. दहावी-बारावीतलं पोर दिसलं की समोर उकिडवे बसून त्याचं चावणं न्याहाळायचे. "डावीकडनंच चावतोस न्हवं? म्हणून तर उजवा खांदा पडलाय की तुझा!" पेठेतल्या एका पोरानं पेनल्टी बाहेर मारली, तर मामा थेट मैदानात शिरले आणि त्याला म्हणाले, "आ कर." उपचार एकच, मटणाची नळी दोन्ही दाढांनी आळीपाळीनं फोडायची. माळकऱ्यांच्या पोरांना ऊस. त्यानं सरळ झालेली पाठ मी पाहिलेली नाही, नळ्या मात्र भरपूर संपल्या.

आम्ही हे हसण्यावारी नेत होतो, तोवर आमच्या सईची पाठ वाकडी दिसू लागली. ती नववीत होती. मामांनी तिला महिनाभर नळ्या फोडायला लावल्या, शेवटी जबडा दुखून पोरीला तोंड उघडेना. हाडांचे डॉक्टर म्हणाले, "जबड्याचा संबंध शोधणारे शोधू देत. हिला पट्टा लागेल. नाही वापरला तर बाक वाढत जाईल." मी तडक मामांच्या घरी गेलो आणि तोंडाला येईल ते बोललो.

पट्टा आला, पण सई तो लावून घराबाहेर पडेना. "सगळी माझ्याकडंच बघत्यात," एवढंच म्हणायची. गगनबावड्याकडच्या आमच्या गावी जत्रेच्या जेवणाला गेलो, तेव्हा कशीबशी पट्टा बांधून आली खरी, पण गाडीतून उतरायला तयार नाही. अंगणात पंगत बसलेली. मामा रिकामी वाटी घेऊन पानावरून उठले, गाडीपाशी आले आणि सगळ्या पाव्हण्यांच्या देखत त्यांनी तोंडातली कवळी काढून वाटीत ठेवली. वरची आणि खालचीही. ती आहे हे घरातही कुणाला ठाऊक नव्हतं.

"माझं बी सगळं इकतचं हाय, पोरी," ते बोळक्या तोंडानं म्हणाले. "उतर आता."

"मास्तर, आनि तुमी आमच्या पोरांचं जबडं तपासत हुता व्हय!" कुणीतरी ओरडलं आणि अंगण हसून लोळायला लागलं. सई उतरली, पानावर जाऊन बसली. तिच्या पट्ट्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं, सगळे त्या वाटीकडे बघत होते.

तेव्हापासून मामांची तपासणी बंद पडली. कवळीवाल्याचं जबड्याबद्दल कोण ऐकून घेणार? आता ते पंगतीत खाली मान घालून पांढऱ्या रश्श्यात भाकरी कुस्करतात. ब्याद टळली म्हणून मी खूश व्हायला हवं होतं, पण मला ती पंगत बघवत नाही. परवा सई पट्ट्यानिशी त्यांच्या समोर ताठ बसली आणि घास घेऊन म्हणाली, "आजोबा, बघा की, कुठल्या बाजूनं चावते मी?"

मामांनी मान वर केली, पण तिच्या जबड्याकडे काही पाहिलं नाही. आपल्या पानातली नळी उचलून त्यांनी तिच्या पानात ठेवली.

"कसंबी चाव, बाळ. ह्ये औषध न्हवं, खायाला हाय."