मैनाताईंनी यंत्राला दिलेले मौन

सज्जनहो, मौनाची थोरवी सांगताना आपण ऋषिमुनींना वंदन करतो. माझे हात मात्र दहिवलीच्या मैना भोईरांना जोडले जातात.

साल अठ्ठ्याऐंशी. कर्जतच्या एका धर्मादाय दवाखान्यात मैनाताई टंकलेखिका होत्या. कुणा दात्याने दिलेला जुना संगणक तिथे आला आणि नेत्रशिबिराची यादी गाववार लावण्याचे काम त्याच्या गळ्यात पडले. यंत्र थकलेले. एकेक नाव रंगीत अक्षरांत पडद्यावर दाखवी, ओळ वर सरकवी, मगच पुढच्या नावाकडे वळे. दारातले नातेवाईक ती ओळ पाहत आणि निश्चिंत होत: आपले माणूस मार्गी लागले!

त्या दिवशी तीनशे साठ नावे होती. कुणाचा कोणता डोळा, ही गाववार यादी हाती आल्याशिवाय शस्त्रक्रियेसाठी पनवेलला जाणाऱ्या बसगाड्या हलणार नव्हत्या. दोनला त्या निघाल्या नाहीत, तर शिबिर पुढच्या वर्षीच. साडेबारा वाजले, तरी यंत्र शंभराव्या नावापाशीच रेंगाळत होते.

माथेरानच्या पायथ्याच्या वाडीतली कोंडी मुकणे बाकावर बसली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. "ताय, पुढल्या साली मी हाय का नाय, कुनाला ठावं? माजं नाव आलं का गं?"

कंपाउंडर गजा म्हणाला, "यापरीस बैल बरा! शेपूट पिळली की पळतो तरी."

मैनाताईंना खळ्यावरचे वडील आठवले. भात मोजताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता ते 'लाभ' म्हणत आणि पुढचे प्रत्येक माप मोठ्याने पुकारत. पण आभाळ भरून आले की ओठ मिटत, हात चालत, आणि दर विसाव्या मापालाच तोंड उघडे.

"गजा, ह्याचं तोंडच लई चालतंय रं! हातांना येळ कुठं हाय?"

यंत्र थांबवायचे, तर झालेली शंभर नावेही पुन्हा करावी लागणार. मैनाताईंनी क्षणभर डोळे मिटले, आणि थांबवले. यंत्राची पुस्तिका पाहून रंग काढले, नावे दाखवणे बंद केले. दर विसाव्या नावाला फक्त एक आकडा ठेवला. पडदा काळा झाला.

"नावं पुसली वं!" दारात ओरड झाली.

मैनाताई हाताने लिहिलेले कागद घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि एकेक नाव, नामस्मरण करावे तशा, गाऊ लागल्या. आत यंत्र मुकाट राबत होते. बाहेर माउली त्याच्या वाटचे बोलत होती!

"कोंडी मुकणे, उजवा डोळा."

"हाय गं ताय, हाय!"

पावणेदोनला छपाई सुरू झाली. दोनला गाड्या निघाल्या.

दहा दिवसांनी कोंडी दवाखान्यात आली. गजा संगणकावर नवी यादी लावत बसला होता. कोंडीच्या उजव्या डोळ्यावरची पट्टी निघाली होती. तिने संगणकासमोर वाकून निरखून पाहिले.

"ताय, ह्यात तर कायच दिसत नाय!"

"म्हंजे नीट चाललंय, आजी."