पाचवं शील आणि लिव्हरचा रिपोर्ट

ऑफिसच्या तपासणीत पप्पांचं रक्त घेतलं आणि त्यात एसजीपीटी बरंच वाढलेलं निघालं. लिव्हरला सूज असू शकते, डॉक्टरांना दाखवा, असं त्यांना सांगण्यात आलं. पप्पांनी घरी येऊन ते जेवताना सहज सांगितलं आणि तिथेच वाट लागली.

आमच्या घरात लिव्हर म्हणजे दारू. माझा मामा दारूने लिव्हर जाऊनच वारला, पोट फुगून, डोळे पिवळे होऊन. त्याच्या उशाशी आई बसलेली असायची. म्हणून पप्पांशी लग्न करताना तिने एकच अट घातली होती, एक थेंबही नाही.

आईने आदळआपट केली नाही. त्यापेक्षा वाईट केलं. संध्याकाळी पप्पा आले की दार उघडून त्यांच्या तोंडाजवळ क्षणभर थांबायची. वास घ्यायची. पप्पा मुकाट्याने चपला काढायचे आणि माझं डोकं फिरायचं.

आमच्या घाटकोपरच्या विहारात रविवारची वंदना पप्पाच घेतात. त्या रविवारी ते पांढरा सदरा घालून निघाले तेव्हा आई म्हणाली, "पाचवं शील कुठल्या तोंडाने म्हणणार आहात?"

पाचवं म्हणजे पंचशीलातलं दारूला न शिवण्याचं. पप्पांनी सदरा काढला, घडी घातली आणि गॅलरीत जाऊन बसले.

मी आईवर ओरडले. "परवा दवाखान्यात डॉक्टर काय बोलले ते ऐकलंस ना? न पिणाऱ्यांनाही होतं. भात, साखर, बैठं काम. फॅटी लिव्हर असेल म्हणाले."

"असेल म्हणाले. आहे म्हणाले का?"

रक्तावरून अंदाज येतो, चरबी सोनोग्राफीत दिसेल, एवढंच डॉक्टर बोलले होते. आणि आई खरी निघाली तर?

पप्पांना पुन्हा रक्त द्यायचं होतं. आईही सोबत निघाली. लॅबमध्ये तिने दंड पुढे केला. "माझंही घ्या. न पिणाऱ्याचं लिव्हर कसं असतं ते बघू दे यांना."

दोघांचे रिपोर्ट बघून डॉक्टरांनी मग दोघांचीही सोनोग्राफी करायला लावली. पप्पांचं फॅटी लिव्हरच होतं, सुरुवातीचं. वजन उतरवा, चाला, म्हणाले. आईचे कागद त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिले.

"ताई, तुमचं जास्त आहे. रक्तातले आकडे बघता लिव्हर कडक व्हायला लागलंय असं वाटतं. आणखी एक तपासणी करू."

"अहो डॉक्टर, पण मी तर कधी..." आईने पप्पांची बाही घट्ट धरली होती.

रिक्षात ती एवढंच म्हणाली, "अहो, माझं भावासारखं होणार का?"

"काही होणार नाही. दोघं मिळून चालायला जाऊ," पप्पा म्हणाले. तपासणीची तारीख पुढच्या आठवड्यातली मिळाली.

रविवारी सकाळी आईनेच पांढऱ्या सदऱ्याला इस्त्री केली. विहारात ती माझ्या शेजारी बसली. पप्पा एकेक शील म्हणत होते, आम्ही सगळे मागून म्हणत होतो. पाचव्याला आईचा आवाज फुटेना. मान खाली घालून ती रडत होती.

पप्पा थांबले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि पाचवं शील सुरुवातीपासून पुन्हा म्हटलं, सावकाश, ती म्हणेपर्यंत.