ठोकळ्याचं पाणी

त्या उन्हाळ्यात सोलापुरात मी सगळ्यात जास्त सेवा कुणाची केली असेल, तर एका काँक्रीटच्या ठोकळ्याची. दुष्काळाचं साल. नळाला पाणी एक दिवसाआड, तेही करंगळीएवढं. मी शिकवत होतो त्या कॉलेजची टाकी कोरडी ठणठणीत. आणि काँक्रीट महिनाभर ओलं ठेवल्याशिवाय त्यात जोर येत नाही. म्हणून रोज सकाळी बायको घरच्या पाण्यातली एक कळशी बाजूला काढायची, मी ती सायकलला बांधून न्यायचो आणि ठोकळ्यावरच्या गोणपाटावर ओतायचो. घरात धुणं तुंबलेलं. ती कळशी जरा जोरातच आदळायची.

ठोकळा म्हणजे मधे लोखंडी तुळईचा उभा तुकडा आणि दोन्ही अंगांना काँक्रीटच्या जाड फळ्या. लोखंड आणि काँक्रीट एकमेकांवरून घसरू नयेत म्हणून लोखंडाला छोटे जोड वेल्ड करून ते काँक्रीटमध्ये गाडलेले. ते जोड किती भार सोसतात, हे मला बघायचं होतं. वरून यंत्रानं लोखंड दाबायचं आणि ते किती घसरतं ते डायलवर वाचायचं. हे झालं की प्रबंध पुरा, प्रबंध झाला की नोकरी कायम. दुसरा ठोकळा करायला ना पाणी होतं, ना माझ्यात त्राण.

चाचणीच्या दिवशी भार चढत गेला, पण डायलचा काटा जागचा हलेना. विभागप्रमुखांनी माझी पाठ थोपटली. मला मात्र ते पटेना. हिशेबानं लोखंड केव्हाच घसरायला हवं होतं. यंत्र थांबवून मी वाकून पाहिलं. लोखंडाला सरकायला खाली मोकळी ठेवलेली जागा सिमेंटनं गच्च भरलेली! जोडांवर भार आलाच नव्हता. लोखंड आरामात सिमेंटवर उभं होतं.

ठोकळा ओतून देणाऱ्या गवंड्याला बोलावलं. "खाली पोकळ ऱ्हायलं हुतं की सायेब," तो कौतुकानं म्हणाला. "आपल्या हातचं काम असं कसं सोडायचं? लई पक्कं भरलंय."

मी इतका ओरडलो, की नंतर दमून खुर्चीत बसलो. तोच आकडा लिहून मोकळं व्हावं, असं मनात आलं. पण मग एवढं पाणी कशाला घातलं? साधा दगड ठेवला असता तरी चाललं असतं.

ठोकळा उतरवला. गवंडी फरशीवर पालथा पडून बारीक छिन्नीनं आपलंच पक्कं काम उकरू लागला. एक घाव जोरात बसून फळीला तडा गेला असता, तर सगळं संपलं होतं. दुपारभर मी ती टकटक ऐकत बसलो.

"त्यानं खाली जायाचं हाय, ह्ये आदी सांगायचं न्हाय व्हय?" तो पालथ्यानंच म्हणाला.

पुन्हा भार चढवला. या वेळी काटा हलला, आधी सावकाश, मग भराभर. काँक्रीट कडाडलं, फळीवर तिरकी भेग उमटली. आकडा पहिल्याच्या निम्माही नव्हता, पण हिशेबाशी जुळत होता.

"फुटलं की वो," गवंडी हळहळला.

घरी आलो तर उद्याची कळशी दाराशी भरून ठेवलेली. मी बायकोला सांगितलं, आता नको, ठोकळा फुटला.

तिचा चेहरा उतरला. "मग आता?"

"फुटायलाच हवा होता. झालं काम."

तिनं मोरीत घमेलं सरकवलं. "त्यात उभे राहा. खालचं पाणी धुण्याला होईल," म्हणाली, आणि ठोकळ्याची ती कळशी सावकाश माझ्या पायांवर ओतली. मला रडूच आलं.