दिवा धरायला माणूस

घरात एक छायाचित्रकार असला, की लग्नात पाहुणा एक कमी धरायचा, असा नातेवाइकांचा अलिखित सिद्धान्त असतो. सगळ्या पुतण्या-भाच्यांचा तो ‘फोटोकाका’. कामापुरता मामा जगाने पाहिला आहे. कामापुरता काका मात्र याच घराण्याने घडवला. वर्षभर त्याची कोणाला आठवण नसे. लग्न ठरले की पहिला निरोप त्याला जाई, आणि त्या निरोपात नुसते ‘ये’ कधीच नसे. ‘कॅमेरा घेऊन ये’ असे.

थोरल्या भावाच्या मुलीने आपल्या लग्नाचा निरोप देताना तेवढी एक गोष्ट वेगळी केली. फोनवर ती म्हणाली, “काका, काकूलाही बोलावलंय मी. येते म्हणाली. मला एक तरी ग्रुप फोटो असा हवा, ज्यात तुम्ही दोघं असाल. जवळजवळ उभे.”

काकू घर सोडून गेली त्याला बरीच वर्षे झाली होती. भांडण म्हणावे असे काही झालेच नव्हते. पूर्वी प्रत्येक लग्नात फोटोसाठी दिवा तीच धरत असे. घरी परतल्यावर मात्र त्याच्याजवळ बोलायला शब्द उरत नसत. एके दिवशी ती माहेरी गेली, आणि त्याने तिला परत बोलावण्याचे उद्यावर टाकले. ते उद्यावरच राहिले. आता पुतणीच्या शब्दावर त्याने मनाशी एवढेच ठरवले होते, की फोटोच्या निमित्ताने तिच्या शेजारी उभे राहायचे आणि तिथेच, हळूच, “घरी चल” म्हणायचे.

सभागृह तळघरात होते. भिंती काळपट लाकडाच्या, छत काळे, आणि वर मूठभर पिवळे दिवे. नवऱ्यामुलाकडच्यांना म्हणे वातावरण हवे होते. फ्लॅश समोरून मारावा तर माणसे पिठात बुडवून काढल्यासारखी दिसत. छतावर मारावा तर छत उजेड गिळून बसे. त्याने भिंग पूर्ण उघडले, शटर संथ केले, खांबाला पाठ टेकवून श्वास रोखला आणि सह्या, अंगठ्या, आलिंगने टिपत राहिला.

“अरे, इतका अंधार का येतोय?” भावाने कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकावून विचारले.

“हॉल तू पसंत केलास, दादा.”

“पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते उगाच नाही,” वहिनी हसून म्हणाली. “बाहेरचा असता तर याच अंधारात वाहवा केली असती आपण.”

अखेर ग्रुप फोटोची वेळ आली. दिव्याचा स्टँड वाटेत नको म्हणून सभागृहाच्या व्यवस्थापकाने आधीच बाहेर ठेवायला लावला होता. फोटोकाकाने दिवा खुर्चीवर टेकवला, कॅमेरा तिपाईवर चढवला, टायमर लावला आणि धावला. पुतणीने काकूशेजारी जागा राखली होती. तो उभा राहिला. तिच्या बाहीला त्याची बाही लागली. त्याने तोंड उघडले, आणि तेवढ्यात क्लिक झाले.

तो लगेच कॅमेऱ्याकडे गेला. खालून आलेल्या उजेडाने सगळ्यांच्या नाकांच्या सावल्या कपाळावर चढल्या होत्या, वहिनीचे डोळे मिटले होते आणि कडेला तो स्वतः धुरासारखा हलला होता. वाईट फोटो जागच्या जागी पुसायची त्याच्या अंगठ्याला आयुष्यभराची सवय. त्याने पुसला.

“बघू तरी,” काकू मागे येऊन उभी होती, पूर्वी येत असे तशीच.

“पुसला. मी हललो होतो.”

“आणि मी? मी कशी आले होते?”

त्याने तिच्याकडे पाहिलेच नव्हते. नाके पाहिली, डोळे पाहिले, स्वतःला पाहिले. ते तिला कळले.

पुसलेला फोटो कार्डावरून परत काढता येतो, त्यावर नवे काही टिपले नाही तर. हे त्याला ठाऊक होते. कार्ड तत्काळ काढून खिशात घालायचे, एवढेच करायला हवे होते. पण दुसरे कार्ड सकाळीच भरले होते, आणि समोर सगळे घराणे ताटकळत उभे होते.

“काका, परत टायमर लावा ना,” पुतणी म्हणाली.

“आता टायमर नको,” भाऊ म्हणाला. “लोक जेवायचे खोळंबलेत. एकच नीट घे.”

काकूने खुर्चीवरचा दिवा उचलला. कोणी सांगितले नव्हते. रुमाल काचेवर धरला, डावीकडे सरकली, हात उंच केला, किंचित तिरपा. चेहरे एकाएकी मऊ झाले, वहिनीसुद्धा बरी दिसू लागली. असा उजेड त्याला ती गेल्यापासून मिळाला नव्हता.

“काकू, तू इकडे ये ना,” पुतणीने रडवेल्या आवाजात हाक मारली.

“मी आले तर दिवा कोण धरणार?” काकू म्हणाली, आणि त्याच्याकडे न बघता पुढे म्हणाली, “घ्या. हात दुखतोय.”

त्याने शटर दाबले. मग कुणाचे डोळे मिटले असतील म्हणून आणखी एकदा दाबले.