सुतकाच्या घरचे पाणी

आईविषयी मी लिहावे, हे मला अजूनही आगाऊपणाचे वाटते. वाचकांनी क्षमा करावी. शाळेत आयुष्यभर मुलांचे निबंध तपासले, स्वतःचा एकही लिहिला नाही. पण ज्यांच्या घरी कोणाचे डायलिसिस सुरू आहे, त्यांना यातले काही उपयोगी पडेल, एवढ्याच आधारावर धाडस करते.

पनवेलच्या एका रुग्णालयात डॉक्टरांनी रिपोर्ट खाली ठेवला आणि म्हणाले, "क्रॉनिक किडनी डिसीज. शेवटचा टप्पा." म्हणजे दोन्ही मूत्रपिंडांनी रक्त गाळण्याचे काम जवळपास सोडून दिले होते. पायांवरची सूज आम्ही उन्हाची समजलो होतो, थकवा वयाचा.

आईने विचारले, "मंग ता काम आता कोन करनार?"

"मशीन करेल, मावशी."

"बरा हाय. ती दमत नसंल."

सोमवार आणि गुरुवार ठरले. चार-चार तास. बाहेरच्या बाकांवर नातेवाईक एकमेकांच्या रुग्णांची वजने विचारत, कारण इथे सारे वजनावर चालते. लघवी होत नसल्याने प्यालेले पाणी अंगातच राहते. जादा पाणी काढल्यावर उरते ते 'ड्राय वेट', म्हणजे रुग्णाचे खरे वजन. आईला दिवसाला पाऊण लिटरची मर्यादा होती, चहा-आमटी धरून.

निवृत्तीनंतर मी नवीन पनवेलचे घर बंद करून विचुंब्याला तिच्याकडेच राहत होते. बाटलीवर मी खुणा केल्या. तरीही एखाद्या आठवड्यात दोन डायलिसिसच्या मध्ये वजन तीन-साडेतीन किलोंनी वाढे, आणि का ते कळत नसे.

"मावशी, कुठून आणता एवढे पाणी?" डॉक्टरांनी एकदा विचारले.

"आमची जमीनच खाडीची, डॉक्टर. भरती आली का भरते."

सगळे हसले. मला हसू आले नाही. मी तुळशीला घालायच्या तांब्यावरही लक्ष ठेवू लागले.

एका दुपारी गोळीची वेळ झाली म्हणून तिला शोधत गेले. गल्लीच्या टोकाच्या घरात दोन दिवसांपूर्वी मयत झाली होती. आई तिथे भिंतीला टेकून पाण्याचा पेला रिकामा करत होती.

गावात बाई गेली की अंघोळ घालायला आईला बोलावत, हे मला लहानपणापासून ठाऊक होते. घरी येऊन डोक्यावरून पाणी घेई, देवापुढे दिवा लावी आणि मगच तोंडात काही घाली. पण ती पुढचे तेरा दिवस त्या घरी जाऊन बसते, हे मला ठाऊक नव्हते; मी कधी विचारलेच नव्हते. आमच्याकडे सुतकाच्या घरचे पाणी कोणी पीत नाही. माणसे येतात, बसतात, उठून जातात. आई मुद्दाम मागून पीत असे.

घरी आल्यावर मी बोलले, जरा जास्तच बोलले. मग ती म्हणाली, "तुजा बाबा गेला तवा तेरा दिस आपल्या घरचा पेला कोनी हातान धरला नाय. मना वाटायचा, आमीपन मेलोच का काय. तू ल्हान व्हतीस, बाय."

मी डॉक्टरांना सांगितले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "एक घोट. दुसरा नाही. जास्तीचे पाणी फुप्फुसांत उतरते, त्याला पल्मनरी इडीमा म्हणतात. माणूस कोरड्या जागी बुडतो."

तेव्हापासून मी सोबत जाऊ लागले. ती एक घोट घेई आणि पेला माझ्याकडे देई. उरलेले मी पीत असे. कोणाच्या घरी काय बोलावे हे मला जन्मभर उमगले नाही. पेला हाती असला की बोलावे लागत नाही, हे त्या घरांत कळले. वजन आटोक्यात आले.

मग एका गुरुवारी, आम्ही रिक्षाची वाट पाहत असताना, निरोप आला. गावातली एक तरुण सून बाळंतपणात गेली होती.

"आज तुझे डायलिसिस आहे," मी म्हणाले.

"ता उद्या व्हईल. ती पोर उद्यापरीन थांबायची नाय."

मी रुग्णालयाला फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ मिळाली. दम लागला तर लगेच आणा, असे त्यांनी बजावले. मी रिक्षा परत पाठवली.

आईने तिला अंघोळ घातली, केस विंचरले, हिरवी साडी नेसवली. सारे आटोपल्यावर त्या मुलीची सासू चुलीपाशी बसून होती. सकाळपासून ती कोणाशी एक शब्द बोलली नव्हती. आई तिच्याजवळ बसली आणि म्हणाली, "गो, मना पानी दे."

ती बाई उठली. पेला भरून आणला. आईने एक घोट घेतला. मी हात पुढे केला. आईने माझ्याकडे पाहिले नाही. पेला पूर्ण प्यायली. मग ती बाई तिच्या मांडीवर डोके ठेवून रडू लागली.

पहाटे आईला श्वास पुरेना. ऑक्सिजन लावून, धावपळीत डायलिसिस झाले. ती त्यातून उठली, पण हृदय थकले होते. पुढे ती सात आठवडे जगली. डॉक्टर म्हणाले, "एका दिवसाचा हा परिणाम नाही. मनाला लावून घेऊ नका." मी त्यांचे आभार मानले. तरी लावून घेतेच.

आता गावात कोणी गेले की मी जाते. अंघोळ घालायचे धैर्य माझ्यात नाही. मी बसते आणि पाणी मागते. मात्र तुमच्यापैकी जे कोणी रोज वजनकाट्यापाशी उभे राहत असतील, त्यांना मला एकच विचारायचे आहे. त्या गुरुवारी तुम्ही तिला जाऊ दिले असते का?